दीड लाखाचं बाथरूम कोटेशन: बेरीज ठीक, मापं चुकीची

परीक्षणाला घेतलेलं कोटेशन नमुन्याचं आहे, पण मांडणी अगदी ठेकेदार देतात तशीच. पुण्यातली पंचवीसेक वर्षं जुनी सोसायटी, तिसरा मजला, ७ फूट बाय ५ फुटांचं बाथरूम, कमोड आतच. लादी ७ फुटांपर्यंत आणि तिच्या वर लगेच फॉल्स सीलिंग. कागदावर एवढंच लिहिलंय:

तोडफोड व राडारोडा, लमसम: २२,०००
प्लंबिंग, ९ पॉइंट × ३,५००: ३१,५००
वॉटरप्रूफिंग, लमसम, १० वर्षं गॅरंटी: ९,०००
भिंतीची लादी लावणे, सिमेंट-वाळूसह, २४० चौ. फूट × ७०: १६,८००
जमिनीची लादी लावणे, ४५ चौ. फूट × ७५: ३,३७५
लादी, २ × १ व्हिट्रिफाइड, २८५ चौ. फूट × ६५: १८,५२५
इलेक्ट्रिक, ४ पॉइंट × १,५००: ६,०००
दरवाजा व फ्रेम: १४,०००
सॅनिटरी फिटिंगची मजुरी, लमसम: ८,०००
फॉल्स सीलिंग, ३५ चौ. फूट × ११०: ३,८५०
एकूण १,३३,०५०. जीएसटी १८ टक्के, २३,९४९. सगळं मिळून १,५६,९९९. कमोड, बेसिन, नळ मालकाचे. मुदत १० दिवस. निम्मे पैसे आधी.

असा कागद हातात आला की बहुतेक लोक शेवटच्या आकड्याकडे बघतात आणि 'दीडमध्ये बसवा' म्हणतात. ठेकेदार सात हजार सोडतो, दोघं खूश होतात. पण ते सात हजार कुठल्या ओळीतून गेले ते कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा ते वॉटरप्रूफिंगमधून जातात, कारण ते लादीखाली झाकलं जातं. म्हणून दरावर घासाघीस करायच्या आधी टेप घ्या आणि माप काढा. दर शहरागणिक, मजल्यागणिक, मिस्त्रीगणिक बदलतात. ७ बाय ५ चं बाथरूम मात्र कोणीही मोजलं तरी ७ बाय ५ च भरतं.

लादीपासून सुरुवात करू, कारण तिथला हिशोब दहा मिनिटांत होतो. चारही भिंतींची लांबी ७ + ५ + ७ + ५, म्हणजे २४ फूट. लादी ७ फुटांपर्यंत, म्हणजे १६८ चौ. फूट. अडीच बाय सातच्या दरवाजाचे साडेसतरा वजा केले की राहिले १५०. खिडकी वजा करू नका. दोन बाय दोनच्या खिडकीचे ४ चौ. फूट कमी होतात, पण तिच्या कडांना आतून लादी लागते, तिथे तेवढेच परत येतात. मग कागदावर २४० कुठून आले? २४ ला १० फुटांनी गुणलंय. मजल्याची पूर्ण उंची धरली, दरवाजाही वजा केला नाही. फॉल्स सीलिंगच्या वर लादी लागणारच नाहीये, तरी तिचे पैसे लावलेत. जमीन ७ × ५ म्हणजे ३५, कागदावर ४५.

खरेदीची लादी १५० + ३५ = १८५, तुटफूट आणि कापाकापीचे १० टक्के धरून २०४ चौ. फूट. दोन बाय चारच्या मोठ्या लाद्या असत्या तर लहान बाथरूममध्ये कापण्यात जास्त वाया जातात, तिथे १५ टक्के धरावे लागतात. २ × १ ची लादी आडवी लावली तर सात ओळींत सात फूट होतात, वरची ओळ कापावी लागत नाही, त्यामुळे १० टक्के पुरतात. २०४ च्या जागी २८५ लावले, म्हणजे ८१ चौ. फूट जास्त, ६५ नं ५,२६५ रुपये. मजुरीत भिंतीचे ९० चौ. फूट जास्त, ६,३००. जमिनीचे १० जास्त, ७५०. सगळे मिळून १२,३१५ रुपये केवळ मापात जास्त लागलेत. दर एक रुपयानंही न पाडता हे कमी होतात. ठेकेदारालाही यात अपमान वाटत नाही, कारण तुम्ही त्याच्या कामाची किंमत पाडत नाही, टेपवरचा आकडा दाखवताय.

लादीच्या ६५ च्या दरात आणखी एक प्रश्न आहे. दुकानातला दर बहुतेक वेळा जीएसटी धरून सांगितलेला असतो. ठेकेदार तोच ६५ चा दर कोटेशनमध्ये घालून त्यावर पुन्हा १८ टक्के लावत असेल, तर करावर कर होतो. दुकानात भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट त्याला मिळतं, म्हणून त्यानं कराआधीचा दर धरायला हवा. ६५ मधला कर काढला तर साधारण ५५ राहतात. जीएसटी लावणाऱ्याचा नंबर कोटेशनवर असायलाच हवा. तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रात नोंदणी असेल तर २७ नं सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की नाव समोर येतं. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या ठोक कराच्या योजनेतल्या माणसाला ग्राहकाकडून वेगळा कर घेता येत नाही. नंबरच नसेल तर २३,९४९ ची ओळ सरळ काढून टाकायला सांगा. नोंदणी नसलेला ठेकेदार वाईट असतो असं अजिबात नाही. फक्त त्यानं कर मागू नये.

'सिमेंट-वाळूसह' हे दोन शब्द लादीच्या ओळीत खटकतात. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ शोषतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सिमेंटचा मसाला लादीत थोडा शिरला तरच तिला धरतो. भिंतीसाठीची साधी सिरॅमिक लादी पाणी भरपूर शोषते, तिला सिमेंट चालतं. व्हिट्रिफाइड सिमेंटवर लावली की ती पोकळ राहते, ठोकल्यावर बद्द वाजते आणि गीझरखालच्या भिंतीची लादी वर्षा-दोन वर्षांत सुटते. इथे टाइल अॅडेसिव्हच हवा, पोत्यावर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा नंबर आणि टाइप २ किंवा त्याच्या वरचा प्रकार छापलेला. ३ मिलिमीटर जाडीला २० किलोचं पोतं साधारण ५० चौ. फूट जातं, म्हणजे १८५ ला चार पोती. भिंत ओळंब्यात नसेल तर दुप्पट.

आणि भिंत ओळंब्यात कशी येणार? जुनी लादी चिपिंग करून काढली की खाली खड्डे पडतात, मसाल्याचे पोपडे निघतात. तिथे आधी प्लास्टर लागतं. या कोटेशनमध्ये प्लास्टरची ओळच नाही. काम अर्ध्यावर आल्यावर 'साहेब, भिंत फार खराब निघाली' म्हणून हा खर्च वर येतो, आणि तेव्हा तुमचं बाथरूम उघडं पडलेलं असतं, नाही म्हणता येत नाही. १५० चौ. फुटांचं प्लास्टर आत्ताच दरासकट लिहून घ्या.

आता तोडफोडीचे २२,०००. महाग की स्वस्त, ते एकाच गोष्टीवर ठरतं: संकन स्लॅबमधला भराव काढणार की नाही. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब आठ-दहा इंच खाली असतो, त्यात वीटतुकड्यांचा भराव आणि त्यातून ड्रेनेजचे पाइप. आहे की नाही ते तुमच्याच छतावरून कळतं: बाथरूमचं छत शेजारच्या खोलीच्या छतापेक्षा पाऊण-एक फूट खाली असेल तर वरच्या फ्लॅटला संक आहे, बहुतेक तुम्हालाही आहे.

मापात बघा. भिंतीची लादी आणि मसाला मिळून दीड इंच धरला तर १५० चौ. फुटांचे सुमारे १९ घनफूट. जमिनीची ३ इंच जाडी, ९ घनफूट. संकचे १० इंच, २९ घनफूट. एकूण ५७ च्या आसपास, वजनात जवळजवळ तीन टन. फोडल्यावर राडारोडा फुगून ८० घनफूट होतो. माणसाला जिन्यानं उतरवता येईल इतकीच पोती भरली तर शंभर पोती आणि छोटा हत्तीच्या तीन-चार खेपा. तोडणारे दोन आणि बिगारी दोन, दोन दिवस, म्हणजे आठ रोज. ९०० चा रोज धरला तर ७,२००. दोन हजारांची खेप धरली तर आठ हजारांपर्यंत. त्यावर ठेकेदाराची देखरेख आणि नफा. लिफ्टनं राडारोडा नेऊ देत नसतील तर २२,००० वाजवी आहेत. भराव काढायचाच नसेल तर काम निम्म्यावर येतं आणि मग बारा-तेरा हजारांच्या वर देऊ नका. कोटेशनमध्ये यावर एक शब्दही नाही, आणि सगळ्या कागदातली ही सर्वांत मोठी उणीव आहे, कारण वॉटरप्रूफिंगचा दर्जाही यावरच अवलंबून आहे.

वॉटरप्रूफिंगचे ९,००० फार कमी आहेत. इथे उलट पैसे वाढवून द्यायला हवेत.

जुनी बाथरूम गळते ती कशी? पाणी लाद्यांच्या सांध्यांतून आणि नहाणी ट्रॅपच्या (जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्याच्या) गळ्याभोवतीच्या फटीतून रोज थोडं थोडं खाली उतरतं. संकमध्ये साठतं. वीटतुकडे ते धरून ठेवतात. त्याला बाहेर जायला वाट नसते, म्हणून ते स्लॅबमधून खालच्यांच्या छताला येतं. वरून ग्राउट, म्हणजे सांधे भरायचा मसाला, भरून किंवा लादीवर नवी लादी चिकटवून आत साठलेलं पाणी जात नाही. म्हणून भराव काढून मूळ स्लॅब उघडा करायचा, खडबडीत जागा दुरुस्त करायच्या, भिंत आणि स्लॅबच्या कोपऱ्यात मसाल्याची गोलाई द्यायची, मग पॉलिमर आणि सिमेंट असे दोन घटक मिसळून होणाऱ्या कोटिंगचे दोन हात, एक आडवा आणि एक उभा. कोपऱ्यांत आणि पाइपांच्या भोवती फायबरची जाळी पहिल्या हातातच दाबायची.

क्षेत्रफळ किती? बरेच जण जमिनीचे ३५ चौ. फूट धरतात. खरं म्हणजे तळ ३५, संकच्या कडा आणि जमिनीच्या वर एक फूट मिळून २४ × १.८३, म्हणजे ४४. शॉवरच्या दोन भिंतींचे आणखी ३० धरा, कारण तिथे रोज पाणी पडतं. झाले १०९. मग भराव, त्यावर उताराचा कोबा, आणि लादीच्या आधी त्या कोब्यावर दुसरं कोटिंग, ३५ आणि कडेनं फूटभर वर, ५९. दोन्ही मिळून सुमारे १७० चौ. फूट. लादीच्या ओळींत मापं फुगवलेली आणि इथे माप लिहिलेलंच नाही. लमसम शब्दाखाली ते दडलंय. कोटिंगच्या डब्यावर किती क्षेत्र जातं ते छापलेलं असतं. १७० ला त्यानं भागा, किती डबे यायला हवेत ते कळेल, आणि साइटवर रिकामे डबे मोजा. कोब्याच्या सिमेंटमध्ये घालायचं वॉटरप्रूफिंगचं द्रावण हे याशिवायचं. डॉ. फिक्सिट एलडब्ल्यू प्लसचं प्रमाण ५० किलोच्या पोत्याला २०० मिलिलिटर. फक्त तेवढं घालून वॉटरप्रूफिंग झालं म्हणणारे आहेत. ९,००० मध्ये बहुधा तेच मिळेल.

भरावात पुन्हा वीटतुकडे टाकण्यापेक्षा हलके एएसी ब्लॉक घालायला सांगा, स्लॅबवरचा भार कमी होतो. संकच्या तळातून डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या पाइपांच्या उभ्या पोकळीत, एक बारीक ड्रेन पाइप काढायला सांगा. पुढे कधी आत पाणी साठलंच तर ते खालच्यांच्या छतातून न येता डक्टमध्ये ठिबकेल आणि लगेच लक्षात येईल.

पाणी भरून चाचणी दोनदा: एकदा स्लॅबच्या कोटिंगवर, एकदा वरच्या कोटिंगवर. ट्रॅप बंद करायचे, दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलनं पातळी आखायची, ४८ तास थांबायचं. खालच्यांच्या छताचे फोटो काम सुरू व्हायच्या आधीच काढून ठेवा, त्यांच्यासमक्ष. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपातून होणारी गळती सोसायटीच्या खर्चाची, तुमच्या बाथरूममधल्या कामातून होणारी तुमची. पुढचा वाद त्या फोटोंवरच मिटतो.

दहा वर्षांच्या गॅरंटीत काय येतं तेही विचारा. गळती झाली तर ठेकेदार फक्त कोटिंगचा डबा आणणार असेल तर उपयोग नाही, कारण खरा खर्च लादी फोडून पुन्हा लावण्याचा असतो. 'तोडणे, पुन्हा लादी लावणे आणि साहित्य धरून' एवढं वाक्य कागदावर यायला हवं. ते लिहायला जो तयार होत नाही त्याच्या दहा वर्षांना काही किंमत देऊ नका.

प्लंबिंगच्या नऊ पॉइंटमध्ये काय काय ते मोजून घ्या: बेसिनला गरम आणि थंड, गीझरला आत आणि बाहेर, फ्लश टँक, कमोडशेजारचा जेट, शॉवर-नळाचा डायव्हर्टर, नहाणी ट्रॅप, कमोड. नऊ झाले. बेसिनचं सांडपाणी राहिलं. बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्हही राहिला, जो नसेल तर एक वॉशर बदलायला अख्ख्या फ्लॅटचं पाणी बंद करावं लागतं. डायव्हर्टर एक पॉइंट की चार, हाही वाद ठरलेला, कारण त्याला गरम, थंड, शॉवर आणि खालचा नळ अशा चार लाइन जोडतात. इथे तो एक धरलाय, ही ठेकेदाराची बाजू प्रामाणिक आहे. फक्त 'डायव्हर्टर चारही लाइनसह' असं लिहून घ्या. या मापाच्या बाथरूमला ४०-५० फूट सीपीव्हीसी, म्हणजे गरम-थंड पाण्याचा प्लास्टिक पाइप लागतो. पाइपावर आयएस १५७७८ आणि एसडीआर ११ (पाइपाच्या जाडीचा वर्ग) छापलेलं बघा, आणि नळाच्या प्रत्येक तोंडाला पितळी आट्यांचा एल्बो घेतलाय ना तेही बघा. प्लास्टिकच्या आट्यांना नळ कसताना तडा जातो आणि तो लादी लागल्यावरच कळतो. ड्रेनेजला कमोडसाठी ११० मिलिमीटर, नहाणीला ७५, आणि पाइपावर 'टाइप बी' असायला हवं. टाइप ए पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या पाइपासाठी असतो, तो स्वस्त पडतो म्हणून घुसवतात. पाइप प्लास्टरनं झाकायच्या आधी टेस्टिंग पंपानं लाइन सात किलो दाबावर दोन तास ठेवा. काटा उतरला तर सांधा गळतोय.

इमारतीची उभी लाइन बिडाची असेल तर नवा पाइप तिला भिंतीबाहेर जोडावा लागतो, त्यासाठी डक्टमध्ये माणूस उतरतो. ते काम कोणाचं, कागदावर नाही. विचारा.

इलेक्ट्रिकचे चारही पॉइंट १,५०० नं लावलेत. दिवा, एक्झॉस्ट आणि आरशाच्या पॉइंटला ठीक. गीझरला नाही. ३ किलोवॉटचा गीझर १३ अँपिअर ओढतो. त्याला डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचच्या पेटीपासून, स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि स्वतंत्र एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) हवा. १,५०० त डीबीपासून लाइन येत नाही. मग शेजारच्या सॉकेटमधून ओढतात आणि वायर तापते. ही ओळ वेगळी करून जास्त पैसे द्या. शॉकपासून वाचवणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी घरात नसेल तर याच वेळी बसवून घ्या.

दरवाजा, फॉल्स सीलिंग आणि फिटिंगची मजुरी यांत वावगं काही दिसत नाही. फक्त दरवाजाची जाडी, फ्रेम ग्रॅनाइटची की डब्ल्यूपीसीची (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाची), आणि फिटिंगमध्ये आरसा, टॉवेल रॉड, गीझर टांगणं धरलंय का, एवढं लिहून घ्या.

दहा दिवसांची मुदत मात्र स्वीकारू नका. तोडफोड दोन दिवस, प्लंबिंग दोन, पहिलं कोटिंग आणि पाण्याची चाचणी चार, भराव, कोबा, प्लास्टर आणि त्यांना पाणी मारणं पाच-सहा, दुसरं कोटिंग आणि चाचणी तीन, लादी तीन, ग्राउट आणि फिटिंग दोन. बावीस दिवसांच्या आसपास होतात. दहात बसवायचं तर दोन्ही चाचण्या आणि पाणी मारणं उडतं.

आता याच ठेकेदाराचे दर कायम ठेवून नवी बेरीज. १,३३,०५० मधून लादीचे १२,३१५ वजा, १,२०,७३५. वॉटरप्रूफिंग भरावासकट २२,००० धरलं तर १३,००० वाढले. प्लास्टर ४० नं ६,०००. बेसिनचं सांडपाणी आणि मुख्य व्हॉल्व्ह, दोन पॉइंट, ७,०००. झाले १,४६,७३५. अॅडेसिव्हचे आणि गीझरच्या लाइनचे पाच-सहा हजार धरले की कराशिवाय दीड लाखाच्या थोडं वर जातं. म्हणजे ठेकेदारानं सांगितलेल्या कराआधीच्या १,३३,०५० पेक्षा नीट कामाची रक्कम वीसेक हजारांनी जास्तच आहे. माणूस महाग नाही. त्याचे दर पटण्यासारखे आहेत, राडारोड्याचा आकडा संक धरला तर सरळ आहे. पण कोटेशन अर्धवट आहे, आणि दुसरा कोणी हेच काम एक लाख दहा हजारांत सांगत असेल तर त्याच्या कागदावर आधी वॉटरप्रूफिंगची ओळ शोधा. तीन कोटेशनं घ्यायचीच असतील तर तिघांनाही वरची मापं तुम्हीच लिहून द्या आणि फक्त दर भरायला सांगा. नाहीतर तिघांच्या बेरजांची तुलना करता येत नाही.

शेरा: या स्वरूपात सही करू नये, मापं दुरुस्त करून, संक, प्लास्टर आणि दोन्ही चाचण्या लिहून आल्या तर बिनधास्त काम द्यावं. पैसे मात्र निम्मे आधी नकोत. २० टक्के सुरुवातीला, २५ दाबाच्या चाचणीनंतर, २५ दुसऱ्या पाण्याच्या चाचणीनंतर, २० लादी आणि फिटिंग झाल्यावर. उरलेले १० टक्के महिनाभर बाथरूम वापरून, खालच्यांचं छत कोरडं बघून.